पालिशी

वसमतच्या स्टँडवर उतरले की शिजत्या हळदीचा उग्र वास येतो आणि मला शाहीन आठवते.

नववीत आम्ही एका बाकावर बसायचो. हळदीला पॉलिश केलं की ती वरून चकाकते, म्हणून तोंडावर गोड बोलणाऱ्या खोट्या माणसाला तिनं नाव ठेवलं, 'पालिशी'. तोऱ्यात चालणारी ती 'फुगारी', डबा चोरून खाणारा 'उंदऱ्या'. वर्गातल्या प्रत्येकाला आम्ही असं नाव दिलं होतं. ते फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं.

एकदा शाहीननं वाचनालयातून आणलेलं पुस्तक मी घरी नेलं आणि त्यातलं मोराचं चित्र हळूच फाडून घेतलं. पुस्तक तिच्या नावावर होतं. बाईंनी तिलाच उभं केलं. शाहीननं माझ्याकडं पाहिलं. मी खरं सांगेन, म्हणून ती थांबली होती. आणि मी बाईंना ऐकू जाईल अशा मऊ आवाजात म्हणाले, "शाहीन, पुस्तक असं फाडू न्हाई गं."

तिनं शिक्षा मुकाट्यानं भोगली. शाळा सुटल्यावर दप्तर उचलत एवढंच म्हणाली, "तू बी पालिशीच निघालीस."

दुसऱ्या दिवशी ती मागच्या बाकावर जाऊन बसली. पुढं तिच्या घरचे परभणीला गेले. चुकलं म्हणायचं राहूनच गेलं.

आता मी एकटीच राहते. शेजारपाजारचे म्हणतात, "ताई, तुमी किती गोड बोलता!" मी हसते. त्या हसण्याला काय म्हणतात, हे ओळखणारं जवळ कुणी नाही.