वाफा तुडवणाऱ्या बायका पाहिजेत

"लुगडं गुडघ्याच्या वर घ्यायला सांग त्यांना."

नाचाच्या बाई माझ्याशी बोलत होत्या. समोर आमच्या गावच्या चाळीसेक बायका शाळेच्या ओट्यावर ओळीनं उभ्या. बाईंनी थेट त्यांना सांगितलं असतं तरी त्यांना कळलं असतं. मराठीच होतं. पण त्यांनी मला सांगितलं. मी वळले आणि तेच आमच्या बोलीत सांगितलं.

"गो, लुगडी जरा वर घ्या. पाय बगायचे हायत."

दोघीतिघी हसल्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं. मग सगळ्यांनी लुगडी वर घेतली. आमच्या बायका तशाही पोटरीच्या वरच नेसतात, मिठागरात खाली सोडून चालत नाही. पण कामासाठी वर खोचणं वेगळं आणि कुणी वर घे म्हटलं म्हणून घेणं वेगळं. हे मला तेव्हाही कळत होतं.

बाईंच्या हातात मिटलेली छत्री होती. तिच्या टोकानं त्या दाखवत गेल्या. "हे पाय घे. हे नको. हे फार गुळगुळीत आहेत. हे घे." त्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. मी वहीत नावं लिहायला लागले तर म्हणाल्या, "नावं कशाला? ओळीतला नंबर लिही."

चौथ्या नंबरशी त्या थांबल्या. खाली उकिडव्या बसल्या. "बघ, काय पाय आहेत. असे पाय मला रंगवूनसुद्धा मिळणार नाहीत." मग मान वर करून एकदाच बघितलं. "चेहरा मात्र फार थकलेला आहे. हिला मागे ठेवू."

मी लिहिलं. चार. मागे.

चौथा नंबर माझी आई होती. हे मी बाईंना सांगितलं नाही.

मला त्या वेळी राग आला, रडू आलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. काहीच आलं नाही. थंडीत खाडीच्या पाण्यात फार वेळ उभं राहिलं की पाय आपले वाटत नाहीत. तसं तोंड माझं वाटत नव्हतं. त्यातून शब्द बाहेर पडत होते आणि मी लिहीत होते.

आमचं गाव पेणच्या खारेपाटात, धरमतरच्या खाडीला लागून. नुकताच कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला होता आणि लोक दोन्ही नावं वापरत. मी पेणला अकरावीपर्यंत शिकले, पुढं जमलं नाही. गावात बालवाडी काढली होती, तिथं दीड वर्ष पोरांना गाणी शिकवली. मग बालवाडी बंद पडली. आता मीठ किंवा लग्न, एवढंच उरलं होतं. मला दोन्ही नको होतं.

त्यात या बाई आल्या. मुंबईला त्यांची नाचाची संस्था होती. अलिबागच्या बाजूला एका किनाऱ्यावर जिल्ह्याचा मोठा कार्यक्रम होणार होता आणि तिथं ओहोटीच्या ओल्या वाळूवर त्यांना तीस-पस्तीस बायकांचा नाच बसवायचा होता. आधी त्या रोह्याकडच्या भातवाल्या गावांत जाऊन आल्या. तिथल्या बायका त्यांना पटल्या नाहीत. फार नीटनेटक्या आहेत म्हणाल्या. परत येताना खाडीकाठी गाडी थांबली आणि त्यांनी आमच्या बायकांना वाफा तुडवताना बघितलं.

मिठाचा वाफा म्हणजे चिखलाची जमीन. ती पायांनी तुडवून तुडवून फरशीसारखी घट्ट करावी लागते, तेव्हा मीठ स्वच्छ निघतं. बायका एकमेकींच्या कमरेला धरून एका मागे एक उभ्या राहतात. आधी टाच, मग चवडा, मग अर्धं पाऊल पुढं. पुढचीची टाच उठली की मागचीची पडते. कुणी मोजत नाही. गाणं असलं तर असतं, नाहीतर नुसता चिखलाचा आवाज. बाई बांधावर उभ्या राहून तासभर बघत होत्या. मग विचारलं, इथं शिकलेलं कोण आहे. लोकांनी मला पुढं केलं.

"या बायका गोळा करून दे," त्या म्हणाल्या. "नीट सांभाळलंस तर तुला मुंबईला माझ्याकडे घेईन. राहायचं, शिकायचं, माझी मदतनीस म्हणून." एवढ्यावर मी हो म्हटलं. एवढ्यासाठी मी आईचा नंबर लिहिला.

त्या दिवशी संध्याकाळी चुलीपुढं आई म्हणाली, "ती बाई बोलली आसती तर मी लुगडा वर घेतला नसता. तू बोललीस म्हनून घेतला." रागानं नाही बोलली. भाकरी उलटताना बोलली. मी ऐकलं आणि जेवले.

मग निवडलेल्या तेवीस जणींची पंधरा दिवस तालीम झाली. सकाळची मजुरी बुडवून बायका शाळेच्या मैदानात यायच्या. सुक्या जमिनीवर त्यांना काही जमेना. पायाखाली चिखल नाही तर टाच कशाला दाबायची? बाई "एक दोन तीन चार" मोजायच्या आणि आमच्या बायका आकडा ऐकून गोंधळायच्या. ताराकाकी आमच्यातली सगळ्यात तोंडाळ. ती म्हणायची, "नाचता येईना अंगन वाकडा, पन बाय, हितं अंगनच खोटा हाय." सगळ्या हसायच्या. बाई मला विचारायच्या, काय म्हणाली? मी म्हणायचे, काही नाही.

मुंबईहून बाईंच्या बारा मुली पाऊल शिकायला आल्या. उंच, हसऱ्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. एक मुलगी आईच्या हाताखाली आली. तिची टाच पडायचीच नाही, चवड्यावर उड्या मारायची. आईनं खाली बसून दोन्ही हातांनी तिचा घोटा धरला आणि टाच जमिनीवर दाबली. परत परत, आठ दिवस. नवव्या दिवशी त्या पोरीला पाऊल आलं. आई घरी येऊन शेजारणीला सांगत होती, "मुंबयची पोर हाय, माज्या हातून शिकली." आईला मी तशी खूश फार कमी वेळा बघितली आहे.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी तालीम संपली. मुंबईला परत जाताना बाई मला म्हणाल्या, "सगळ्यांना वेळेवर आण, नेहमीसारख्या." मी बायकांना सांगितलं, "कार्यक्रम हाय, मोठी मानसं येनार हायत. नीट या."

चूक म्हणायची तर ती इथं झाली. आमच्यात काम वेगळं आणि नाच वेगळा. गौरी आली की बायका नाचतात, लग्नात नाचतात, पण मळक्या लुगड्यानं कुणी फेर धरत नाही. देवीलाही ते चालत नाही आणि शेजारणीलाही. म्हणून सगळ्यांनी आठ दिवस तयारी केली. विटेच्या तुकड्यानं टाचा घासल्या. खोबरेल चोळलं, रात्री फडकी गुंडाळून झोपल्या. भेगा काही जात नाहीत, पण भरतात थोड्या. आईनं तिचं लग्नातलं हिरवं लुगडं काढलं. ताराकाकीनं सुनेची नथ मागून घेतली. टेम्पोत चढल्या तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात अबोलीच्या वेण्या होत्या. वडखळला अलिबागच्या फाट्यावर टेम्पो थांबला तर चहाच्या टपरीवरचा माणूस म्हणाला, "कुनाचा लगीन गो?" ताराकाकी म्हणाली, "आमचाच."

किनाऱ्यावर उतरलो. चार वाजले असतील. बाई समोरून आल्या आणि बघत राहिल्या.

"हे काय करून आणलंस?"

बाईंनी वेण्यांकडे बोट केलं.

"मला मिठागरातल्या बायका पाहिजेत. वऱ्हाडणी नकोत. आणि हे पाय? पाय कुणी घासायला सांगितले?"

बायका ऐकत होत्या. त्यांच्यापासून चार हातांवर हे बोलणं चाललं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असतो कसा ते मी त्यांच्या चेहऱ्यांवर बघितलं. ताराकाकीनं नथ काढून मुठीत धरली.

तिकडं सुरूच्या झाडांखाली मुंबईच्या मुली तयार होत होत्या. हातापायांना तपकिरी रंग फासत होत्या, आमच्यासारख्या दिसायला. आईनं शिकवलेली मुलगी पाय मांडीवर घेऊन बसली होती आणि काळ्या पेन्सिलीनं टाचेवर रेघा काढत होती. आई तिच्याजवळ गेली.

"अगो, ता काय काडतंस पायावर?"

"तुमच्यासारख्या भेगा, मावशी." ती हसून म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. "बरोबर आल्यात का?"

आईनं वाकून बघितलं. मग स्वतःच्या पायांकडं बघितलं. तेलानं चकचकीत, घासून लाल झालेले पाय. परत येऊन ओळीत उभी राहिली.

बाईंनी दोन बादल्या मागवल्या. चिखल आणि राख. "सांग त्यांना. वेण्या काढा. साड्या बदला, आम्ही जुनी लुगडी आणली आहेत. तोंडाला चिखल लावा. पुढच्या दोन रांगा माझ्या मुलींच्या. यांनी सगळ्यात मागे, समुद्राकडे तोंड करून तुडवत राहायचं. वळायचं नाही."

मी वळले. सांगितलं. हो, त्या दिवशीही आधी मी सांगितलं. शब्दाला शब्द. एक शब्द गाळला नाही. माझा आवाज नेहमीसारखा होता.

कुणी हललं नाही. वारा होता, लुगडी फडफडत होती. आई माझ्याकडे बघत म्हणाली, "बाय, ह्या तू सांगतंस का ती सांगतंय?"

"ती सांगतंय."

"मंग तू काय सांगतंस?"

तेवढंच विचारलं तिनं. मला मुंबई दिसत होती, खोटं कशाला बोलू. संस्थेची खोली, खाट, खिडकी, सगळं मी मनात केव्हाच मांडून ठेवलं होतं. आणि समोर आई. तिनं शाळेच्या ओट्यावर माझ्या शब्दाखातर लुगडं वर घेतलं होतं. आत्ता मी लाव म्हटलं असतं तर तिनं चिखलही लावला असता. बाईंचा हुकूम तिच्यापर्यंत पोचायला दुसरी वाटच नव्हती. ती वाट मी होते. हे कळायला मला इतके दिवस लागले आणि कळलं तेव्हा गारठलेल्या हातापायांत जीव परत यावा तसं दुखलं.

"मी काय पन सांगत नाय," मी आईला म्हटलं. मग बाईंकडे गेले. "मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. त्यांच्या तोंडाकडे बघून सांगा."

"वेळ नाहीये. तुला मुंबईला यायचंय ना?"

"ती चौथ्या नंबरची माझी आई आहे."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "आधी का नाही सांगितलंस?"

हा प्रश्न मात्र बरोबर होता. त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, आज देते. लाज वाटली होती. तिची. आता ज्या गोष्टीची लाज वाटते ती ही, की मला तिची लाज वाटली.

बाईंनी मग स्वतः सांगायचा प्रयत्न केला. ओळीसमोर उभ्या राहिल्या. "हे बघा बायांनो," म्हणाल्या आणि पुढं अडखळल्या. तेवीस बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. लुगडी वर घ्या म्हणताना त्यांना माझं तोंड लागलं होतं. तोंडाला चिखल लावा हे त्यांच्याच्यानं बोलवेना. शेवटी म्हणाल्या, "ज्यांना करायचंय त्यांनी करा."

सात जणींनी केलं. हेही लिहायला पाहिजे. सात जणींनी वेण्या काढल्या, राख फासली आणि समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यातली एक जाताना मला म्हणाली, "पंधरा रोज आमचे बुडवलंस, नि आता शानी झालीस." तिचं चुकीचं नव्हतं. बाकीच्या सोळा जणी वाळूवर बसल्या. ताराकाकीनं नथ पुन्हा घातली.

नाच झाला. चांगला झाला. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत ती मुलगी होती. आई तिच्या पायांवरून नजर काढत नव्हती. मध्येच म्हणाली, "टाच बराबर पडतंय पोरीची." तिच्या आवाजात कौतुक होतं. मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल. ती पाऊल बघत होती. ते पाऊल तिचं होतं, पण तिथं ते तिचं आहे असं कुणी म्हटलं नाही. ध्वनिक्षेपकावर बाईंचं नाव घेतलं, संस्थेचं घेतलं. खारेपाटाचं नावसुद्धा नाही.

मुंबई गेली. कुणी निरोप पाठवला नाही आणि मी वाट बघितली नाही. त्याच हंगामात मी आईच्या मागे उभी राहून तिची कंबर धरली आणि वाफा तुडवायला शिकले. पहिल्या आठवड्यात मिठानं पाय फुटले. यात काही थोर नाही. दुसरं काम नव्हतं.

आता मिठागरं बरीचशी बंद झाली आणि माझेही केस पिकले. पण बायका पाहिजेत म्हणणारे अजून येतात. कुणाला शूटिंगला पाहिजेत, कुणाला मंत्री यायचे म्हणून डोक्यावर कलश घेऊन उभ्या करायला. ते माझ्याकडेच येतात, कारण गाव माझं ऐकतं. गेल्या महिन्यात कोलाडकडून एक जण आला. नदीकाठी त्याचं रिसॉर्ट आहे. "पाहुण्यांसमोर नाचायला पंधरा बायका द्या," म्हणाला. "तुम्ही सांगितलं की येतील."

मी त्याला पाणी दिलं आणि देवळापुढं नेलं. बायका सुकट निवडत बसल्या होत्या.

"ह्या बसल्या आहेत," मी म्हटलं. "काय करायचं, काय नेसायचं, कुठं उभं राहायचं, कुणाचं नाव घेणार, सगळं यांनाच सांगा. मी तुमचा एक शब्द इकडचा तिकडं करणार नाही."

तो घुटमळला. म्हणाला, तुम्हीच बोललात तर बरं होईल.

मी त्या बायकांमध्ये जाऊन बसले आणि म्हटलं, "बोला. आम्ही ऐकतोय."