मधली वर्षं

पेन्सिलकाकांचा कशावरच विश्वास नव्हता. कानामागची पेन्सिल काढायची आणि हाताशी येईल त्या कागदावर प्रश्नचिन्ह ठोकायचं. औषधाच्या खोक्यावरच्या 'त्वरित आराम'पुढे, लग्नपत्रिकेतल्या 'आपली उपस्थिती हाच आहेर'पुढेसुद्धा. मी अकोल्याहून शिकायला आलो आणि शनिवार पेठेत त्यांची वरची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा माझ्या ओळखपत्राच्या झेरॉक्सवरही, फोटोच्या बरोबर खाली, एक प्रश्नचिन्ह पडलं होतं.

काकांची उभी हयात इंजिनांच्या कारखान्यात नकाशे काढण्यात गेली. निवृत्तीनंतर नाद एकच, मोटारींच्या जागतिक शर्यती. रविवारी संध्याकाळी काकू देवळात आणि टीव्हीपुढे आम्ही दोघं. कोण जिंकलं याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसे; त्यांचा डोळा मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांवर. एका वहीत प्रत्येक कंपनीला एक पान आणि पानावर तीन रकाने: आली, गेली, परत आली. 'गेली'खाली कंपनीनं दिलेलं कारण. ते बहुतेक एकच असायचं: आता आम्ही ग्राहकांच्या गाड्यांकडे लक्ष देणार. काका म्हणायचे, "हरले की ह्यांना गिऱ्हाईक आठवतं. जिंकताना बरं आठवत नाही ते."

पुढे मला चाकणला अशाच एका परदेशी मोटार कंपनीत प्रसिद्धीचं काम मिळालं. बिऱ्हाड विश्रांतवाडीला हललं, तरी रविवार काकांचाच राहिला. कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर कंपनीचा शर्यतींचा इतिहास लावायचं ठरलं आणि मजकूर माझ्या गळ्यात पडला. मी मोठ्या हौसेनं तो काकांना दाखवला. पहिल्याच ओळीतल्या 'अखंड परंपरा'पुढे प्रश्नचिन्ह! मग त्यांनी वहीतलं आमच्या कंपनीचं पान पुढे सरकवलं. कंपनी तीनदा आली होती, दोनदा गेली होती.

"मधली वर्षं कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

मी साहेबांना सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, 'अखंड'च राहू दे, भिंतीवर तेच शोभतं. माझी नोकरी नवी, मी मूग गिळून बसलो. आणि वर शहाणपणा असा केला, की काकांना बरं वाटावं म्हणून भिंतीवर खाली, आभारांत, त्यांचं नाव घातलं. फोटोही पाठवला. लगेच उत्तर आलं: "खोट्याच्या खाली माझी सही नको. पुसून टाक." मला ते पुसून घेता आलं नाही. लाजेनं मी तिकडे जाणंच सोडलं.

दोन वर्षांनी कंपनीनं शर्यती पुन्हा सोडल्या. कारण अर्थात ग्राहक. साहेबांनी गुपचूप भिंत रंगवून घेतली, तेव्हा कुठं काकांचं नाव पुसलं गेलं. त्याच रविवारी मी पेठेत गेलो.

काकांनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं. "मधली वर्षं कुठं होतात आपण?"

एरवी मला अरेतुरे करणारा माणूस. त्या 'आपण'नं मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कामाकडे लक्ष द्यावं लागलं, काका," मी म्हणालो आणि म्हणताक्षणी माझं मलाच कळलं, आपण काय बोलून गेलो ते.

त्यांनी आत घेतलं, वही उघडली. शेवटच्या पानावर माझं नाव होतं. 'आला' भरलेला, 'गेला' भरलेला, 'परत आला' कोरा. पेन्सिल उचलून त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि ती पुन्हा कानामागे खोचली.

"परत येणारे पुष्कळ पाहिलेत," ते म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

त्यानंतर मी एकही रविवार चुकवला नाही. वर्ष उलटलं तरी रकाना कोराच. म्हातारा भलताच चिवट, असं म्हणून मी मनातल्या मनात चिडायचोही. पण जायचो, कारण त्यांच्याशिवाय मला या शहरात माझं म्हणावं असं कुणी नव्हतं.

गेल्या श्रावणात काका गेले. दिवस झाल्यावर काकूंनी ती वही माझ्या हातात ठेवली. शेवटचं पान उघडायचा बरेच दिवस धीर होईना. उघडलं तेव्हा दिसलं, 'परत आला' या शब्दांवर काट मारून काकांनी खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'टिकलासा वाटतो.' पुढे सवयीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं, आणि मग ते खोडरबरानं पुसलं होतं.