मुलीच्या पाया पडायचं होतं, मध्ये मोमो आले

व्याह्यांचा फोन आला. "रविवारी नेपाळी हॉटेलात जाऊ. नवीन निघालंय. तुम्हाला अगदी घरच्यासारखं वाटेल."

घरी विश्रांतवाडीत मी वरण-भात खातो. पण घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. हो म्हणालो.

तसा मी नेपाळचाच. आठ वर्षांचा होतो तेव्हा वडील पुण्यात वॉचमन झाले आणि मी पुण्यात येऊन चौथी नापास झालो. आता स्वारगेटला माझी चायनीजची गाडी आहे. गिऱ्हाईक तोंडाकडे बघून विचारतं, "चीनमध्ये थंडी फार असते का हो?" मी म्हणतो, असेल, आज फोन नाही आला तिकडून. सगळ्यात माझं असंच. पोरगी म्हणते, बाबा, तुम्ही खरं बोललात तरी कुणाला कळायचं नाही.

तिचंच लग्न ठरलंय. मुलगा तिच्या कंपनीतला, नारायण पेठेतला. माणसं चांगली आहेत. मला त्यांच्याशी एकच गोष्ट बोलायची होती. आमच्यात मुलगी बापाच्या पाया पडत नाही, बाप मुलीच्या पडतो. लग्न लागलं की जावयाच्यासुद्धा. आत्याच्या लग्नात आजोबांनी तिच्या पायावर डोकं ठेवलेलं मी पाहिलंय. गावाकडचं मला नीट आठवतं ते तेवढंच. म्हणून मलाही माझ्या पोरीच्या लग्नात ते करायचं होतं. बायको असती तर तिनं व्यवस्थित मांडलं असतं. ती गेल्यापासून आमच्या घरात गंभीर बोलणारं कोणी राहिलं नाही. म्हटलं, नेपाळी हॉटेल आहे, तिथं विषय काढला तर शोभेल तरी.

रविवारी पोरगी, होणारा जावई, व्याही, विहीणबाई असे सगळेच आले. हॉटेलात भिंतभर बर्फाचे डोंगर रंगवले होते. व्याही म्हणाले, "गावाची आठवण आली असेल." आमचं गाव डोंगराच्या पार खालच्या अंगाला. बर्फ मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, फ्रिजमध्ये. पोरसवदा एक वेटर नेपाळी टोपी घालून आला आणि हात जोडून "नमस्ते दाजु" म्हणाला. दाजु म्हणजे दादा. मी खूश. त्याला नेपाळीत विचारलं, भाऊ, घर कुठं? तो म्हणाला, "अंकल, मैं ओडिशा से हूँ." मला धड येणारं एकच वाक्य, तेही वाया गेलं.

मेन्यू कार्ड माझ्यापुढं ठेवून व्याही म्हणाले, "आता तुम्ही सांगायचं, आम्ही खायचं." पानभर नुसते मोमो. वडिलांनी जन्मात मोमो केला नाही. मी पहिला मोमो खाल्ला तो फर्ग्युसन रस्त्याला, उभ्यानं. विहीणबाई शाळेतून रिटायर झालेल्या, त्यांनी विचारलं, "घरी सारण कशाचं करता?" आमच्यात मोमो नसतातच, असं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "मूड असेल तसं." सगळे हसले. मला माझाच राग आला.

मग मी ढिंडो मागवला. हा तरी वडील करायचे. तो आला मोठ्या पितळी ताटात, वर छोटा झेंडा खोचलेला. विहीणबाईंनी एक घास घेतला. "अहो, ही नाचणीची उकड. आमच्याकडे आजारी माणसाला देतात."

"बरोबर," मी म्हणालो. "आम्ही कायमचे आजारी."

परत हशा. पोरीनं टेबलाखालून पाय मारला.

एवढ्यात व्याही म्हणाले, "लग्नात एक मोमोचं काउंटर ठेवू. तुमच्याकडचंही काहीतरी हवं ना."

आता नाही तर कधीच नाही. म्हटलं, "मोमो राहू द्या. मला मुलीच्या पाया पडायचंय."

व्याह्यांना पाणी पिता पिता ठसका लागला. "काय माणूस आहात हो. पोरीला इतकं घाबरता?" जावई हसला. अन् मीसुद्धा हसलो, सवयीनं. दुसऱ्यांदा न हसता सांगितलं, तर त्यांना तो आणखी चांगला जोक वाटला. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. वेटर धावत आला, "सर, ज्यादा तीखा हो गया क्या?"

"ते खरं सांगतायत," पोरगी म्हणाली. "आमच्यात तसंच असतं."

विहीणबाईंनी चमचा खाली ठेवला.

"म्हणजे भर हॉलमध्ये मुलीचा बाप वाकणार. लोक काय म्हणतील? मुलाकडच्यांनी वाकायला लावलं. अहो, आमच्या वडिलांना वाकावं लागलं होतं माझ्या लग्नात. ते मी अजून विसरलेले नाही."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला सांगायचं होतं की हे तसलं वाकणं नाही. आमच्यात लेक देवीच्या जागी असते, बाप देवीपुढं वाकतो. पण जोक सोडून दुसरं काही माझ्या तोंडात लवकर येत नाही. नुसता "तसं नव्हे, तसं नव्हे" करत राहिलो.

"घरी करा. चार माणसांत," त्या म्हणाल्या.

मी मान हलवायच्या बेतात होतो. मी नेहमीच हलवतो.

"आई, हॉलवरच," पोरगी विहीणबाईंना म्हणाली. "गुरुजी सांगतील ना माइकवर, ही यांच्याकडची पद्धत आहे म्हणून."

विहीणबाईंनी चमचा परत उचलला. "गुरुजींच्या हातात माइक दिला तर जेवणं संध्याकाळी होतील. मी सांगेन." मग माझ्याकडे वळल्या. "नीट सांगा, काय काय करतात ते. आणि तेवढा वेळ विनोद बंद."

मी सांगायला लागलो. मुलगी पाटावर बसते. बाप समोर येतो. वाकतो. आणि तिथंच अडकलो. आजोबांनी आधी पाय धुतले होते की नुसतं डोकं टेकवलं होतं, काही बोलले होते की गप्प होते, काही आठवेना. मी आत्याच्या मागं उभा होतो, मला फक्त त्यांची टोपी दिसली होती.

"पुढे?" विहीणबाई म्हणाल्या.