अडवायच्या यादीत पहिले

२००४ साली गंधारला महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका रंगाच्या कारखान्यात राउटर सांभाळायचं काम मिळालं. कुठल्या संगणकाचा मजकूर कुठल्या वाटेने बाहेर जाईल आणि कुणाचा मुळीच जाणार नाही, हे ते खोकं ठरवी. त्याला नियम लिहून द्यायचे. ते आधी अडवायची यादी वाची. तीत नाव सापडलं की पुढचं काही बघत नसे.

नोकरी कच्ची होती. पोलादपूरच्या अनुपमाच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, "कायम झाल्याचं पत्र दाखवा, मग साखरपुड्याचं बोलू." आणि कायम करायची शिफारस कारखान्याचे मॅनेजर गंगाधरराव साहेबांच्या हाती.

साहेबांच्या गावी शिमग्यात पालखी आधी कुणाच्या दारी थांबते यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नसत. साहेबही आपल्या भावाशी बोलत नसत. नियम बघायला ते स्वतः आले. ज्यांचा मजकूर सर्वांआधी जायचा, त्या जलद लाइनच्या यादीत आपलं नाव पहिलं पाहून प्रसन्न झाले. मग दुसऱ्या यादीवर बोट ठेवलं.

"यात मी कुठाय?"

"साहेब, ही अडवायची यादी. गेट, कॅन्टीन, गोदाम..."

"यादी कसलीही असो. गेट पहिलं आणि मी नाहीच?"

गंधारला अनुपमा आठवली. त्याने साहेबांचं नाव पहिलं टाइप केलं.

शनिवारी गंधारची शिफारस मुंबईच्या मुख्य कचेरीत पोचवायची होती. पाचच्या आत, ई-मेलनेच, साहेबांच्याच संगणकावरून. चारला शिपाई भागोजी आला.

"साहेब बोलवतात. पत्र जात नाय."

"यादीतून त्यांचं नाव काढावं लागेल. तू सांगशील?"

"मी? माजी नोकरीची दोनच वर्सां राह्यलीत रे बाबा!"

गंधारच गेला. साहेब घामाघूम होऊन बटणं दाबत होते.

"साहेब, अडवायच्या यादीतून तुमचं नाव काढलं की लगेच जाईल."

"काढायचं? मग पहिलं कोण?"

"गेट."

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. "तू लाइन दुरुस्त कर. नावाला हात लावू नको."

पाचला सात मिनिटं कमी असताना गंधारने कुणाला न विचारता ती ओळ पुसली. पत्र गेलं.

"बघ, लाइनच बिघडली होती," साहेब म्हणाले.

दहा दिवसांनी कायम झाल्याचं पत्र आलं. साखरपुड्याची तारीख ठरली. त्याच आठवड्यात आपलं नाव गळाल्याचं साहेबांच्या ध्यानात आलं. त्यांनी लेखी खुलासा मागवला. गंधारने लिहून दिलं, 'नाव नजरचुकीने वगळले गेले. सन्मानपूर्वक पूर्ववत केले आहे.'

केलंही. तेव्हापासून साहेबांचं एक अक्षर मुंबईला पोचलं नाही. महाडहून तक्रारी येत नाहीत म्हणून मुख्य कचेरीने टपालाने त्यांचं अभिनंदन केलं.

"लाइन दुरुस्त नाय करायची?" भागोजीने विचारलं.

"बघू," गंधार म्हणाला आणि चहाला गेला. तो आता कायम होता.