चिंचोक्याखाली काय?

नाना चुकलेली उत्तरे आधी सांगायचे, आणि तीही अशी, की चुकणाऱ्याला आपण फार काही बिघडवले असे वाटू नये. बरोबर उत्तर कुणाचे आले हे ते कधीच जाहीर करत नसत. "ज्याचं बरोबर आलं त्याला ते माहीतच असतं की. त्याला परत कशाला सांगायचं?" असे त्यांचे म्हणणे.

आमचा टपाल तिकिटे जमवणाऱ्यांचा क्लब लहानसा आहे. सतरा माणसे, महिन्यातल्या एका रविवारी गारखेड्यातल्या एका शाळेच्या वर्गात जमतात. पण क्लब खरा चालायचा तो नानांच्या रोजच्या प्रश्नावर. सकाळी सात वाजता ग्रुपवर फोटो यायचा. पारदर्शक कागदाच्या पाकिटात ठेवलेले एक तिकीट, आणि पाकिटावर एक चिंचोका. त्या चिंचोक्याने तिकिटाचा नेमका एक भाग झाकलेला असायचा, कधी देशाचे नाव, कधी माणसाचा चेहरा, कधी किंमत. खाली एवढेच लिहिलेले, "चिंचोक्याखाली काय?" उत्तर ग्रुपवर टाकायचे नाही, नानांच्या नंबरवर पाठवायचे. संध्याकाळी सात वाजता चिंचोका उचललेला दुसरा फोटो यायचा, आणि त्याच्याबरोबर चुकलेली उत्तरे, नावे न घेता.

नाना टपालखात्यात सॉर्टर होते. उभे आयुष्य त्यांनी पत्रे गावोगावच्या खणांत टाकण्यात घालवले. त्यामुळे असेल, माणसांनाही ते गावानेच हाक मारत. अजिंठ्याचे एक शिक्षक होते, ते 'अजिंठा'. क्लबचे चिटणीस देशपांडे काका गारखेड्याचे, ते 'गारखेडा'. मी करमाडहून एसटीने कॉलेजला येते, म्हणून मी 'करमाड'. "काय करमाड, आज गप्प?" असा एका ओळीचा निरोप दुपारी त्यांच्याकडून आला, की समजायचे, माझे उत्तर अजून पोचलेले नाही.

सुरुवातीला मी गप्पच असायची. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. वर्गात हात वर करायची मला अजूनही भीती वाटते. आपले चुकले तर बाकीच्यांना कळेल की ही कुठून आली आहे, असे वाटत राहते. क्लबमध्येही मी कॉलेजच्या सूचनाफलकावरचा कागद वाचून गेले होते, मागच्या बाकावर बसून निघून यायच्या बेताने. दीड महिना मी एकही उत्तर पाठवले नाही. मग एकदा एका तिकिटावर फुलाचे चित्र होते, देशाच्या नावावर चिंचोका होता, पण नावाची पहिली सहा इंग्रजी अक्षरे बाहेर राहिली होती. मी धीर करून लिहिले, "मग्यार नावाचा देश."

संध्याकाळी नानांनी लिहिले, "एक उत्तर मग्यार असं आलं. असा देश नाही. हंगेरीची माणसं स्वतःला त्या नावानं ओळखतात, तेच तिकिटावर छापतात. उत्तर देणाऱ्यानं ऐकीव काही सांगितलं नाही, समोर दिसलं ते वाचलं. अर्धं काम झालं."

ते अर्धे काम मी एसटीत बसून चारपाच वेळा वाचले. दुसऱ्या दिवसापासून मी रोज उत्तर पाठवू लागले. आई कौतुकाने बघायची. बाबांना मात्र कळत नसे. ते विचारायचे, "त्या तिकिटांवर नोकरी मिळती व्हय गं?" मी हे नानांना सांगितले तर ते खूप वेळ हसले. म्हणाले, "त्यांना सांग, मला मिळाली होती."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला चिमट्याने तिकीट कसे उचलायचे ते शिकवले आणि बोधिसत्त्वाची दोन जुनी तिकिटे दाखवली. पहिल्यावर चित्र आरशात दिसते तसे उलटे छापले गेले होते, पुढे ते सुलटे करून पुन्हा छापले. "लोक उलटं तिकीट लपवत नाहीत, दोन्ही शेजारी ठेवतात," नाना म्हणाले. "चूक अन् दुरुस्ती एका पानावर. मला लई आवडतं हे पान."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी मला एकदा 'अजिंठा' म्हणून हाक मारली. मी तशीच ओ दिली. मग एकच प्रश्न त्यांनी लागोपाठ दोन दिवस विचारला. सगळ्यांनी दोन्ही दिवस उत्तरे पाठवली. आणि मग तो बुधवार आला.

चिंचोका देशाच्या नावावर होता. मला तिकीट पाहताक्षणी ओळखू आले, तेच फूल होते. मी 'हंगेरी' पाठवले. संध्याकाळी चिंचोका उचललेला फोटो आला, नाव स्पष्ट दिसत होते, आणि खाली नानांनी लिहिले होते, "बरोबर उत्तर, पोलंड. बरीच उत्तरं हंगेरी अशी आली. हंगेरी म्हणणाऱ्यांचा विचार चांगला होता."

ग्रुपवर कुणी एक शब्द लिहिला नाही. एकदोघांनी हात जोडल्याची चित्रे टाकली. मी देशपांडे काकांना फोन केला.

"आम्हालाही दिसतंय गं," ते म्हणाले. "पण ऐंशीला टेकलेला माणूस. हा एक प्रश्न काढायचा म्हणून पहाटे उठतात. तेवढाच आधार आहे त्यांना. सांगितलंस आणि त्यांनी सगळं बंद केलं तर?"

त्यांचे मला पटले, आणि पटलेही नाही. दोन दिवस मी काहीच केले नाही. पण त्या तिकिटाचे पहिले चुकीचे उत्तर माझे होते. ते नानांनी तसेच सोडून दिले असते, तर मी पुन्हा कधी उत्तर पाठवले नसते. शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले.

ते तिकिटांचे पुस्तक उघडून बसले होते. मी उभ्यानेच सांगून टाकले, "नाना, बुधवारचं तिकीट हंगेरीचं होतं."

त्यांनी पाने मागे उलटली, भिंग धरले, अक्षरे एकेक करून वाचली. भिंग खाली ठेवले. मग म्हणाले, "सगळ्यांना दिसलं होतं?"

"हो."

"गारखेड्याला पण?"

"हो. त्यांनी तुमचा मान ठेवला, नाना."

"मान कसला!" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मला खेळातून काढलं की त्यांनी. चुकला म्हणून सांगायच्या लायकीचा नाय राहिलो मी?" पुस्तक मिटत ते हळू म्हणाले, "तू सांगायला आलीस. बस. चहा टाकायला सांगतो."

मला वाटले, आता प्रश्न बंद. रविवारी सकाळी सात वाजता प्रश्न आला नाही. सव्वासातला आला, त्याच फुलाचा, आणि त्याच्यावर चिंचोका नव्हता. खाली लिहिले होते, "बुधवारचं बरोबर उत्तर हंगेरी. एक उत्तर पोलंड असं आलं होतं. उत्तर देणाऱ्यानं हे तिकीट कितीदा हाताळलंय, त्या भरवशावर त्यानं चिंचोका उचलल्यावर पुन्हा वाचलंच नाही. पुढच्या वेळी वाचील."

त्यानंतर पहिले उत्तर देशपांडे काकांचे आले. चक्क ग्रुपवर, नियम मोडून. "नाना, चुकलं आमचं," एवढेच.

त्या दिवसापासून नानांनी नवा रिवाज पाडला. सकाळी प्रश्न टाकला की लगेच ते मला दोन्ही फोटो आणि आपले उत्तर पाठवत. "तपास गं करमाड." म्हणजे मी आता उत्तर द्यायचे नाही, फक्त तपासायचे. आठ महिने हे चालले. चुका वाढत गेल्या. मी त्या सांगत गेले. संध्याकाळी त्यांचे चुकलेले उत्तर बाकीच्या चुकलेल्या उत्तरांमध्ये येऊन बसायचे, बिननावाचे. कुणाचे ते कधीकधी आम्हाला ओळखू यायचे, कधी नाही.

परवाच्या श्रावणात एका मंगळवारी त्यांनी सकाळी प्रश्न टाकला, मला उत्तर पाठवले, आणि दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्यांच्या लेकीचा फोन आला तेव्हा मी बसस्टँडवर होते. उलट फिरून त्यांच्या घरी गेले. टेबलावर पाकीट होते, शेजारी चिंचोका. परत येताना एसटीत मला आठवले, सात वाजत आले आहेत, आणि बाकीच्या पंधरा माणसांपैकी कितीतरी जणांनी सकाळीच, बातमी कळायच्या आधी, त्यांच्या नंबरवर उत्तरे पाठवलेली असतील. ती आता त्यांच्या फोनमध्ये आहेत. माझ्याकडे फक्त नानांचे होते.

फोटोत तिकिटावरचे नाव नीट दिसत होते. खाली नानांनी लिहिले होते, "स्वित्झर्लंड. तपास गं अजिंठा."

मी सात वाजता ग्रुपवर चिंचोका उचललेला फोटो टाकला आणि नानांच्या पद्धतीने आधी चुकलेले लिहिले.

"एक उत्तर स्वित्झर्लंड असं आलं. उत्तर देणाऱ्यानं तिकीट ओळखलं होतं, नाव तेवढं निसटलं. बरोबर उत्तर, स्वीडन."