भिंतीवरचा मी

माझं एक तैलचित्र कोल्हापुरात भिंतीवर टांगलेलं आहे. ते काढलं तेव्हा मी तिथं नव्हतो.

नव्वदच्या दशकातला रविवार. माझी थोरली बहीण, अक्का, आम्हा नवराबायकोबरोबर सिनेमा बघायला गारगोटीहून आली आणि थेटराबाहेर हाऊसफुल्लची पाटी! मी छाती फुगवून म्हणालो, "सिनेमाचं काय घेऊन बसलीस? हे चित्रकारांचं गाव हाय. चल, आर्ट गॅलऱ्या दाखवतो!" (मी स्वतः एकाही गॅलरीत पाऊल टाकलेलं नव्हतं.)

पहिल्या गॅलरीत घाट, नदी आणि म्हशी.

"म्हशी बघायला मी गारगोटीस्नं आलोय व्हय?" अक्का कडाडली.

म्हणून दुसरी गॅलरी. रंकाळ्याकडच्या एका गल्लीत, अंधारा जिना चढून माडीवर. दार सताड उघडं, आत चिटपाखरू नाही. खिडक्या बंद, टर्पेंटाइनचा वास, एकच पिवळा बल्ब आणि भिंतीभर नुसते चेहरे! आम्ही डावीकडं गेलो की सगळे डावीकडं बघायचे. माझ्या बायकोनं, मंगलनं, माझा शर्ट घट्ट धरला. (मी तिचा पदर आधीच धरला होता.)

कोपऱ्यात अक्का थबकली. "दादू... ह्यो तूच की रं!"

मी पुढं होऊन बघितलं. फेटा सोडला तर मीच! तेच नाक, तीच अर्धी मिटलेली डावी पापणी, हनुवटीवरचा तीळसुद्धा!

"अहो, तुम्ही चित्रकारापुढं कधी बसलासा?" मंगल पुटपुटली.

"आईशप्पथ, कधीच न्हाय!"

आणि लाइट गेली.

आतल्या खोलीतून एक मेणबत्ती आली. मागं पांढरी दाढी. मेणबत्ती चित्रापाशी वर गेली, सावकाश माझ्या तोंडापाशी आली आणि खाली पडून विझली. मिट्ट अंधार. त्या अंधारात कुणीतरी कुजबुजलं, "आलास?"

"व्हय," मी म्हणालो. (का, ते आजही सांगता येत नाही!)

अक्कानं अशी बोंब ठोकली की खालच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मंगलनं धडपडत खिडकी उघडली. उजेडात बघतो तर एक म्हातारे चित्रकार जमिनीवर बसून मला हात जोडतायत!

"पावणं, तुम्ही... जित्तं हाय न्हवं?"

"कारकून हाय ओ मी! पण ह्यो चित्रातला कोण?"

"कुणीच न्हाय. मनानं काढलाय. लई वर्सं भ्या वाटायचं, ह्यो एक दिवस जिना चढून येणार."

"मनानं? पण काढलंय तरी कशाचं चित्र?"

म्हाताऱ्यांनी मान खाली घातली. "भुताचं."

अक्का एका दमात जिना उतरली. मंगल मात्र मागंच थांबून, मी चपला घालेपर्यंत, माझ्या पावलांकडं टक लावून बघत होती. ती उलटी नाहीत हे बघून तिला बरं वाटलं की वाईट, ते तिनं अजून सांगितलेलं नाही!