आईला वास येत नाही हे कळलं तेव्हा

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहायचो, केमिकलच्या कारखान्यांच्या बाजूला. वारा फिरला की एक उग्र वास घरात शिरायचा आणि आमच्या बिल्डिंगमधल्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. आमच्या घरात हे काम आईचं. "आला गं बाई वास," असं म्हणत ती सगळ्या खिडक्या लावून घ्यायची.

मी तेव्हा अकरावीत होते. एका दुपारी कॉलेजातून आले तर दारातच गॅसचा वास आला. आत पाहिलं, तर आई ओट्याजवळ खाली बसून शांतपणे तांदूळ निवडत होती. वर शेगडीवर आमटी ठेवलेली, आणि खालची ज्योत वाऱ्यानं विझलेली.

"आई, अगं वास येत नाहीये का तुला?"

"येतोय ना," आई म्हणाली. उठली आणि तिनं खिडकी लावून टाकली.

मी धावत जाऊन शेगडीचं बटण आणि सिलिंडर बंद केलं, खिडकी सताड उघडली. आई हळूच म्हणाली, "गॅसचा होता होय? मला वाटलं कारखान्याचा."

पण त्या दोन वासांत कुणाचीही गल्लत होणं शक्य नव्हतं. मी हिंगाची डबी उघडून तिच्या नाकाशी धरली. "डोळे मीट. हे काय आहे?"

तिनं जोरात श्वास ओढला. "हळद?"

आईला वास येतच नव्हता. लहानपणापासून कधीच आला नव्हता. आणि हे तिनं लपवलं होतं असंही नाही. तिला स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

"कोकणात आमच्या दारात सुरंगी होती," ती सांगू लागली. "फुललेली दिसली की सगळे म्हणायचे, काय वास सुटलाय. मीही म्हणायचे. मला वाटायचं, फूल दिसलं की असं म्हणायचं असतं. चंद्र बघून छान म्हणतात ना, तसं."

"आणि कारखान्याचा वास?"

"समोरच्या खिडक्या लागल्या, की आला."

हे मी कितीतरी दिवस मनात घोळवत राहिले. तिचं बहुतेक वेळा बरोबरच यायचं. त्या दुपारीही "येतोय ना" हे तिचं वाक्य अगदी खरं होतं. घरात वास होताच. फक्त तिला तो आला नव्हता. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ती खरं बोलली होती, आणि तरी खिडकी लावून बसली होती.

मला तर परीक्षा घेण्याचा नादच लागला. कापलेला कांदा तिला डोळे मिटूनही ओळखता यायचा, कारण डोळे चुरचुरायचे. डोकेदुखीचा बाम नाकात गार लागायचा म्हणून कळायचा. अगरबत्ती, रॉकेल, साबण, काही नाही. मग स्वयंपाक कसा इतका चांगला करायची? "मोहरी तडतडायची थांबली की फोडणी झाली," ती म्हणाली. "आणि पहिल्या घासाला तुझ्या बाबांच्या तोंडाकडे बघते."

बाबांना मात्र ते लागलं. "मी इतकी वर्षं गजरे आणतोय," ते म्हणाले, "तू सांगायचं नाहीस?"

"काय सांगणार? मलाच कुठे माहीत होतं? आणि गजरा मला आवडतोच हो. मानेला कसा गारगार लागतो."

ठाण्याला नाकाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासलं आणि जन्मापासूनच असावं, उपाय नाही, असं सांगितलं. परतताना आई उदास असेल असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "आता एक कर. मला नीट सांग, वास म्हणजे कसं असतं?"

मी तोंड उघडलं आणि अडकले. गोड म्हणावं तर ती चव. उग्र म्हणजे काय, तर नाकाला झोंबणारा. मोगऱ्याचा वास मोगऱ्यासारखा. आतापर्यंत जे मला पक्कं माहीत होतं, त्यातलं काहीच मला तिच्या हातात देता येईना.

त्या दिवाळीच्या खरेदीला आम्ही तिघं कल्याणला गेलो. बाजारात एका अत्तराच्या दुकानासमोर आई थांबली. दुकानदारानं तिच्या मनगटावर वाळ्याचं अत्तर लावलं. तिनं हात आधी त्याच्यासमोर धरला. "कसा आहे?"

तो गोंधळला. "थंड आहे, ताई. उन्हाळ्यात बरा."

मी हुंगलं. मला ओल्या मातीसारखा वाटला. बाबांनी हुंगलं आणि ते म्हणाले, "आमच्या शाळेतल्या माठासारखा."

आई हसायला लागली. "तिघांचं तीन! आणि मी समजत होते, तुम्हा सगळ्यांना एकच काहीतरी येतं." तिनं ती छोटी बाटली विकत घेतली.

दिवाळीत फराळाला आलेल्या प्रत्येकीपुढे ती मनगट धरायची आणि कसा आहे ते विचारायची. बायका आपापलं काहीबाही सांगायच्या, आणि आई प्रत्येकीचं ऐकून घ्यायची. मधेच "म्हणजे कसा?" असंही विचारायची.